किल्लारीची भिंत आणि भूकंपाचा नकाशा

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला आली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या. माणसे दमून घरी आली आणि झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, लिंबाळा, पेठसांगवी, होळी, राजेगाव, तळणी ही गावे काही सेकंदांत दगड-मातीचे ढीग झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो.

हैदराबादेतही त्या पहाटे अनेकांना जाग आली होती. किल्लारी आपल्या शहरापासून दोनशे किलोमीटरहून थोडी अधिक दूर. १९५६ पर्यंत तो सारा मुलूख आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी कितीतरी जणांची मुळे औसा, निलंगा, उमरगा, उदगीर या भागांतली आहेत. म्हणून दर वर्षी गणपती उठले की आपल्यापैकी कुणीतरी किल्लारीचा विषय काढतोच.

त्या रात्रीच्या हकिकती पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. आम्हांला या लेखात वेगळ्या प्रश्नाकडे वळायचे आहे. शास्त्रज्ञ, सरकार आणि गावकरी या सर्वांनी जी जमीन निर्धोक मानली होती, ती तशी का मानली गेली? ती समजूत कशी बदलली? आणि बदललेली समजूत आपल्या घराच्या भिंतीपर्यंत पोहोचली का? शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भाकीत वेगळे, मूल्यमापन वेगळे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक गावी भूकंप होईल असे सांगण्याची विद्या आज जगात कुणाकडेही नाही. दर काही महिन्यांनी मोबाईलवर फिरणाऱ्या 'आज रात्री सावध राहा' अशा संदेशांना त्यामुळे काडीचाही आधार नसतो.

परंतु धोक्याचे मूल्यमापन करता येते. त्यात तीन साध्या गोष्टी पाहायच्या असतात. इथली जमीन किती जोराने हलू शकते? त्या जमिनीवर किती माणसे राहतात? आणि ती ज्या घरांत राहतात ती घरे तेवढे हलणे सोसतील का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूशास्त्रज्ञ शोधतो, दुसऱ्याचे शिरगणती देते आणि तिसऱ्याचे गवंडी व अभियंता. तिन्ही उत्तरे एकत्र आल्याशिवाय धोका कळत नाही. आपल्या देशात पहिल्या प्रश्नावर शंभर-सव्वाशे वर्षे काम झाले. तिसऱ्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

नकाशा कसा तयार झाला

भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खाते १८५१ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी भारतातील जुन्या भूकंपांची यादी जमवली आणि त्यांचे पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी ती १८८३ साली प्रसिद्ध केली. पुढे १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठाराला प्रचंड भूकंपाने हादरवले. रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा जो तपशीलवार अहवाल लिहिला, तो आजही जगभरच्या भूकंपशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात मोठा भूकंप झाला. त्यानंतर १९३५ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याने देशाचा पहिला भूकंप-विभाग नकाशा तयार केला. नुकसान कुठे जबर होईल, कुठे मध्यम आणि कुठे नगण्य, अशी त्यात ढोबळ विभागणी होती. हिमालयाचा पायथा धोक्याचा आणि दख्खनचे पठार निर्धोक, हे चित्र तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्के बसले.

याच काळात बलुचिस्तानात एक वेगळा प्रयोग चालला होता. १९३१ साली माच येथे भूकंप झाल्यावर रेल्वेतील एक भारतीय अभियंता, एस. एल. कुमार, यांनी क्वेट्ट्याच्या रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी भूकंपात टिकतील अशी घरे आखली. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले आणि हजारो माणसे मेली, पण कुमारांची ती घरे उभी राहिली. घर कसे बांधावे याचे उत्तर आपल्याच देशातील एका अभियंत्याने किल्लारीच्या साठ वर्षे आधी बांधून दाखवले होते, ही गोष्ट आम्हांला वारंवार आठवते.

स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपाचा विचार करून बांधकाम कसे आखावे याचे पहिले मानक काढले. त्याचा क्रमांक आयएस १८९३. त्यातील नकाशात देशाचे शून्य ते सहा असे सात विभाग पाडले होते. शून्य म्हणजे भूकंपाचा विचारच करण्याची गरज नाही असा भाग.

हे नकाशे मुख्यतः झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरून काढले जात. जिथे भूकंप झाल्याचे लिहून ठेवलेले आहे तिथे गडद रंग, जिथे काहीच लिहिलेले नाही तिथे फिका. ही पद्धत चुकीची नव्हती, पण अपुरी होती. इतिहासाच्या अभ्यासकांना एक तत्त्व नेहमी पाळावे लागते : नोंद नसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. दख्खनच्या बखरींत लढायांची वर्णने पानेच्या पाने मिळतात, सनदा आणि इनामांचे कागद सांभाळून ठेवलेले असतात. एखाद्या खेड्यात चार घरे कोसळली तर त्याची नोंद ठेवणार कोण? आणि हजार-दोन हजार वर्षांतून एकदा घडणाऱ्या गोष्टीला दोनशे वर्षांच्या दप्तरात जागा मिळणार तरी कशी?

कोयनेचा पहिला धडा

या समजुतीला पहिला तडा कोयनेने दिला. कोयना धरण १०३ मीटर उंच. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि त्यानंतर त्या भागात लहान-लहान धक्के जाणवू लागले. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक यंत्रे बसवली. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचाच्या पुढचा धक्का बसला, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची बहुतेक घरे पडली आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे आधारभिंती बांधून ते मजबूत करण्यात आले.

तोपर्यंतच्या नकाशात कोयनेचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या टोकाला होता. आपल्या हैदराबादेतील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोयनेचा पिच्छा सोडला नाही. ही संस्था १९६१ साली स्थापन झालेली. हबसीगुड्याहून उप्पलकडे जाताना तिच्या फाटकावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. जलाशयातील पाण्याची पातळी आणि भूकंपांची संख्या यांचा संबंध डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे तपासला. पाण्याच्या साठ्याने भूकंप उद्भवू शकतात याचे कोयना हे जगातील ठळक उदाहरण ठरले. अलीकडे तिथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकांचा अभ्यास झाला असून त्या कामाचे केंद्र कराडला आहे.

कोयनेनंतर १९७० साली आयएस १८९३ मध्ये मोठा बदल झाला. सात विभागांचे पाच झाले. कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. 'शून्य' हा विभागच रद्द करण्यात आला, कारण देशातील कोणत्याही भागाला भूकंपापासून पूर्ण मुक्त म्हणणे शास्त्राला धरून नाही हे मान्य झाले. कागदावर हे मोठेच पाऊल होते. परंतु कोयनेचे कारण धरणात सापडल्यामुळे एक पळवाटही मिळाली. कोयना हा अपवाद, धरण नसते तर दख्खन शांतच राहिले असते, असे पुष्कळांना वाटत राहिले. किल्लारीचा भाग त्यामुळे पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच राहिला.

जमिनीखाली काय होते

१९९२ मध्ये किल्लारी परिसरात धक्के जाणवू लागले. जमिनीतून आवाज येत. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांतला मोठा होता. पुढे हे धक्के विरळ झाले. लहान धक्क्यांची अशी मालिका बहुतेक वेळा आपोआप विरून जाते. मोठा भूकंप क्वचितच तिच्यामागून येतो. त्यामुळे तेवढ्यावरून पुढचे सांगणे कुणालाही शक्य नव्हते. पण घरे बळकट करायला मात्र भाकिताची गरज नव्हती, आणि तो विचार त्या वर्षभरात मूळ धरू शकला नाही.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांची पथके किल्लारीत पोहोचली. शेतांतून सुमारे किलोमीटरभर जमीन उचललेली आणि चुरगळलेली दिसली. भूकंप उथळ होता, म्हणून हादरा थोड्या परिसरात पण फार जबर बसला. आपल्या शहरातील भूभौतिकीय संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचा काळा बेसाल्ट खडक ३३८ मीटर जाडीचा निघाला, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. लाव्ह्याच्या जाड गोधडीखाली जुन्या भेगा झाकलेल्या होत्या आणि वरून पाहणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नव्हता.

भारताचे भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आहे. हिमालयापाशी त्याची टक्कर चालू आहे आणि त्या रेट्याचा ताण पठाराच्या पोटातही साठत असतो. एखादी जुनी भेग तो ताण शतकानुशतके सोसते आणि एका क्षणी सरकते. तेरणा नदीवरील माकणीच्या जलाशयाचा यात वाटा होता का, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. पण धरण असो वा नसो, दख्खनच्या पोटात भूकंप घडवण्याइतका ताण असतो हे सर्वांनी मान्य केले.

आता तेरकडे वळू. तेर म्हणजे संत गोरोबा काकांचे गाव आणि सातवाहन काळातील व्यापारी नगर. किल्लारीपासून ते फार दूर नाही. तिथल्या जुन्या थरांत जमीन हलल्याच्या खुणा दिसतात आणि त्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या असाव्यात, असे काही भूशास्त्रज्ञांनी मांडले आहे. हे खरे असेल तर मराठवाड्याने मोठा भूकंप आधीही पाहिला होता. ती आठवण कुठल्या पोथीत उतरली नाही एवढेच. २००२ साली आयएस १८९३ ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पहिला विभागच रद्द झाला. देशाचे चार विभाग उरले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. कोयनेसारखेच इथेही नकाशा भूकंपाच्या मागून आला.

माणसे कशाने गेली

इथपर्यंतची कथा जमिनीची झाली. पण किल्लारीत माणसांना जमिनीने मारले नाही, घरांनी मारले. कोयनेचा भूकंप आणि किल्लारीचा भूकंप तीव्रतेत जवळजवळ सारखेच. दोन्ही पहाटे, माणसे झोपेत असताना झालेले. तरी एका ठिकाणी दोनशेच्या आत माणसे गेली आणि दुसरीकडे आठ हजार. कोयनेचा मुलूख डोंगराळ, वस्ती विरळ, छपरे बहुधा उतरती आणि कौलारू. किल्लारीच्या काळ्या सुपीक शिवारात गावे मोठी आणि दाट, आणि घरे माळवदाची.

माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा गारवा आठवत असेल. दोन-अडीच फूट रुंद, कधी त्याहूनही जाड दगड-मातीच्या भिंती. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर आणखी माती टाकायची ही रीत. अशी वर्षानुवर्षे माती चढत गेली आणि छताचे वजन वाढत गेले. उन्हाळ्यात ही माती ऊन अडवी, पण भूकंपात तेच वजन अंगावर आले.

भिंतीची रचनाही घातक होती. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, मधली पोकळी कपच्या आणि मातीने भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड फारसे घातलेले नसत. हादरा बसताच दोन थर एकमेकांपासून सुटले. एक अंगणात पडला, दुसरा घरात. पूर्वी मजबूत सागवानी खांबांचा सांगाडा छताचा भार पेलत असे आणि भिंत केवळ आडोशाला असे. अशी जुनी घरे जिथे होती तिथे कित्येकदा भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. लाकूड महागले तसा भार भिंतींवर आला. छत तेच राहिले, त्याला धरणारा आधार मात्र बदलला, आणि हा बदल कुणी धोका म्हणून पाहिला नाही.

यावरचा उपाय महागडा नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, कोपरे नीट सांधणे, दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा फिरवणे, माळवदावरची जादा माती उतरवणे. ज्या १९९३ साली किल्लारी पडली, त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने माती आणि साध्या दगडी बांधकामाच्या घरांसाठी नेमकी हीच मार्गदर्शक मानके काढली. पुस्तकात उत्तर होते. ते खेड्यातल्या गवंड्याच्या हातात नव्हते.

पुनर्वसनाच्या काळात काही प्रमाणात ते त्याच्या हातात गेले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने मोठा कार्यक्रम राबवला. ५२ गावे नव्या जागी वसवली आणि जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले. नव्या गावांविषयी तक्रारी झाल्या : शेते दूर गेली, शहरासारखे सरळ रस्ते आले, शेजार तुटला. दगडाच्या घरावरचा विश्वास उडून काँक्रीटच हवे असा हट्टही वाढला, जणू दोष दगडाचाच होता. परंतु दुरुस्तीच्या कामात एक फार चांगली गोष्ट झाली. शेकडो गावांत महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. पट्टा का घालायचा, आरपार दगड कसा बसवायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. गवंड्याने टाळाटाळ केली तर त्याला जाब विचारू लागल्या. पुढे कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर भागातील बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. धोक्याचे मूल्यमापन खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोहोचल्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

नकाशा बरोबर होता, तरीही

नकाशा बरोबर असता तर सर्व वाचले असते, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर कच्छने दिले. कच्छ भूकंपाचा मुलूख आहे हे १८१९ पासून सर्वांना ठाऊक होते. त्या वर्षीच्या भूकंपात रणात जमिनीचा लांबलचक बांधच उभा राहिला आणि लोकांनी त्याला 'अल्लाबंद' नाव दिले. १९५६ साली अंजारला पुन्हा भूकंप झाला. नकाशात कच्छ सर्वांत धोक्याच्या, पाचव्या विभागात होता. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. म्हणजे कोयना आणि किल्लारीत नकाशा चुकला. कच्छमध्ये नकाशा बरोबर होता, घरे मात्र त्याप्रमाणे बांधलेली नव्हती.

त्यातही अहमदाबादेत जे झाले त्याकडे आपण हैदराबादकरांनी नीट पाहायला हवे. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या त्या शहरात अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. खाली गाड्या लावण्यासाठी नुसते खांब, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, अशी त्यांतल्या पुष्कळांची रचना होती. वरचा भाग ताठ, खालचा लवचीक आणि कमजोर. हादरा बसताच खालचे खांब मोडले आणि वरची इमारत बसली.

हीच गोष्ट दरडींच्या बाबतीत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे मेली. त्यानंतर दरडप्रवण भागांचे नकाशे करण्याच्या कामाला वेग आला. तरी १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, आणि ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. पूर्वी जिथे घडले तेवढ्याच जागा मोजणारी यादी नेहमी एक पाऊल मागे राहते. डोंगराचा उतार, मातीची जाडी, पाण्याच्या वाटा पाहून, जिथे अजून काही घडलेले नाही तिथेही जावे लागते.

आपल्या शहराचे काय

घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. हैदराबाद आज दुसऱ्या, म्हणजे कमी धोक्याच्या विभागात आहे. शहराचा बराच भाग ग्रॅनाइटच्या कठीण पायावर आहे, आणि ही मोठी जमेची बाजू. किल्लारीचा भूकंपही कच्छच्या मानाने खूपच लहान होता. पण कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे, हे १९७० सालीच ठरून गेले आहे. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ ५.७ चा भूकंप झाला होता. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी मुलुगु जिल्ह्यात ५.३ चा धक्का बसला आणि आपल्या शहरातही पंखे, झुंबरे हलली. त्याच वर्षी हिंगोली-नांदेड भागातही चाराच्या पुढचे धक्के बसले. या शहरात कितीतरी जुने तलाव बुजवून वस्त्या झाल्या आहेत. तिथल्या भरावाची जमीन ग्रॅनाइटसारखी वागणार नाही; ती हादरा वाढवते. आणि खाली पार्किंग, वर पाच मजले ही रचना तर आपल्या प्रत्येक गल्लीत आहे.

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो. नवे घर घेताना बिल्डरला दिवाणखान्याची फरशी कोणती हे जितक्या आवडीने विचारतो, तितक्याच आग्रहाने दोन प्रश्न विचारावेत : जमिनीची तपासणी झाली आहे का, आणि इमारतीची आखणी भूकंपाचे मानक धरून केली आहे असे अभियंत्याने सहीनिशी लिहून दिले आहे का? दुसरे, पार्किंगचे खांब आणि तिथल्या भिंती यांत मनाला येईल तसे फेरफार करू देऊ नयेत. सोसायटीच्या सभेत रंगाचा खर्च मंजूर होतो. जुन्या इमारतीची संरचना-तपासणीही त्याच सभेत मंजूर व्हावी. तिसरे, गावाकडे माळवदाचे घर अजून उभे असेल तर त्यावरची जादा माती उतरवावी, भिंतीचे फुगवटे पाहावेत आणि पडझड दुरुस्त करताना गवंड्याला पट्टा आणि आरपार दगड घालायला सांगावे. चौथे, कपाटे भिंतीला पक्की करावीत आणि झोपण्याच्या जागेवर जड वस्तू टांगू नयेत. हे काम एका रविवारी होते.

आपल्या मंडळात अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, निवृत्त शासकीय अधिकारी आहेत. उत्सवाच्या दहा दिवसांत व्याख्याने आणि गाण्याच्या मैफली होतात. त्यांत एक संध्याकाळ या विषयासाठी ठेवली, आपल्याच शहरातील भूभौतिकीय संस्थेतील एखाद्या शास्त्रज्ञाला बोलावले आणि सभासदांनी आपापल्या इमारतीविषयी प्रश्न विचारले, तर ते विघ्नहर्त्याच्या उत्सवाला शोभून दिसेल. विघ्न हरणारा देव बुद्धीचाही दाता आहे, आणि संकट येण्याआधी भिंत तपासायला लागते ती बुद्धीच.

किल्लारीनंतर महाराष्ट्रात जिल्ह्या-जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन योजना तयार झाल्या. गुजरातने २००३ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला. घरांच्या प्रकारांनुसार धोका दाखवणारा देशाचा नकाशासंग्रह १९९७ साली पहिल्यांदा निघाला. हे सर्व त्या आठ हजार माणसांच्या मरणातून आपल्याला मिळालेले ज्ञान आहे. ते कपाटात पडून राहिले तर त्याचा उपयोग नाही. ज्या गवंड्याला आपण उद्या काम सांगणार आहोत, त्याला 'पट्टा घाल' एवढे दोन शब्द सांगितले, तरी त्या ज्ञानाचा थोडासा भाग एका घरात पोहोचेल.